नवरात्र ते भाऊबीज, बजेट अडीच हजार: कपड्यांचं कसं जमवू?

मिरजेची_मी | ९ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

गणपती पार पडले, आता माझी परीक्षा सुरू. जूनमध्ये ठाण्यात पहिली नोकरी लागली. डोंबिवलीत तिघींत मिळून खोली घेतलीय. घरी पाठवायचे पैसे, भाडं, पास, डबा सगळं जाऊन सणासाठी चार हजार बाजूला काढलेत. त्यातले दीड हजार आईच्या साडीचे, त्यांना हात लावणार नाही. म्हणजे माझ्या वाट्याला अडीच.

ऑफिसच्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आत्ताच पेटलाय. यादी आलीय: सोमवार २२ ला पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी रॉयल ब्लू, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी, पुढच्या सोमवारी मोरपंखी, मंगळवारी गुलाबी. एकीने नवीन साड्यांचे फोटोसुद्धा टाकलेत, किमतीसकट. शिवाय दिवाळीच्या आधी ट्रॅडिशनल डे, आणि नरकचतुर्दशीला पहाटे रूममेट्सबरोबर फडके रोडला जायचं ठरलंय. तिथे म्हणे सगळे नटूनथटून येतात.

माझ्याकडे काय आहे ते सांगते. एक पांढरा सुती चिकनचा कुर्ता, पण पोटावर वरणाचा पिवळा डाग. एक साधा ऑफ-व्हाइट कुर्ता. एक नेव्ही ब्लू, ऑफिसचा. एक मोहरीच्या रंगाचा. मैत्रिणीच्या लग्नात घेतलेली लाल ओढणी, गोटा लावलेली. आईची बाटलीहिरवी नारायणपेठ साडी, राणी रंगाच्या काठांची, पण तिचा ब्लाउज आईच्या मापाचा आहे आणि आता आईलाही होत नाही. बाकी जीन्स आणि टॉप.

ऑनलाइन एक पैठणी दिसतेय, १,४९९ ला. फोटोत झकास आहे. ती घेऊन टाकली तर ट्रॅडिशनल डे आणि फडके रोड दोन्ही भागतील असं वाटतंय. घेऊ का?

"रंगबिंग काही पाळू नकोस" हा सल्ला कृपया नको. नवीन आहे मी तिथे, ग्रुप फोटोत एकटीच वेगळी उभी राहायचं नाहीये.

---

बाकावरचा_बाजी

सल्ला देत नाही, माहिती देतो. या रंगांचा देवीशी आणि शास्त्राशी काडीचा संबंध नाही. महाराष्ट्र टाइम्सने दोन हजारच्या दशकात ही टूम काढली, बायकांचे रंगीत फोटो छापले आणि बघता बघता लोकलचे डबे, बँका, शाळा सगळीकडे ती पसरली. त्याआधी आमच्या आया नवरात्रात काय कमी भक्ती करत होत्या?

---

सुईदोरा

बाजीराव, शास्त्रात नाही हे खरंच आहे, पण पोरीने तेवढं एक सोडून सांगा म्हटलं होतं. असो.

मी डोंबिवलीतच ब्लाउज शिवते. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा मशीन घेतलं, आता तिची पोरगी शाळेत जाते. तेव्हा मुली, माझं जरा लांबण लागेल, पण ऐक.

पहिलं, तुझी यादी नीट बघ. हे रंग वाराप्रमाणे येतात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार नारिंगी. दरवर्षी हेच. २०२३ ला घटस्थापना रविवारी होती, नारिंगीपासून सुरुवात झाली. २०२४ ला गुरुवारी होती, पिवळ्यापासून झाली. वाराचे सात संपले की उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतलं काहीतरी लावतात. आता शनिवार-रविवार तुला सुट्टी असेल तर राखाडी आणि नारिंगी हे दोन रंग तुझ्या आयुष्यातून गेले. यंदाच नाही, ही नोकरी आहे तोवर. आणि आज केलेली जुळवाजुळव पुढच्या वर्षी त्याच वारांना पुन्हा चालते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना हे माहीत नसतं, त्या दर वर्षी नव्याने धावतात.

दुसरं, पैठणी. १,४९९ ची पैठणी यंत्रमागावरची असते, नकली रेशमाची. त्यात वाईट काही नाही, मीही नेसते, पण काय घेतोय ते माहीत असावं. खरी पैठणी येवल्याला, पैठणला हातमागावर विणतात. तिचा पदर उलटा करून बघितला तर मोर मागूनही मोरच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी वळवून घेतलेला असतो. या स्वस्तातलीचा पदर उलटा कर, मागे लोंबत्या धाग्यांचं जंगल. बांगडी अडकली की धागा ओढला जातो आणि पुढच्या मोराची मान आखडते. तू पहाटेच्या गर्दीत फडके रोडला जाणार, तीन-चार तास उभी राहणार, हातात बांगड्या, खांद्याला पर्स. नको घेऊस. घरात नारायणपेठ असताना तर नकोच नको.

लोकांना वाटतं माणसं साडी बघतात. तसं नसतं गं. समोरून येणाऱ्या बाईचा आधी खांदा दिसतो, मग बाही, मग गळा, साडी नंतर. आठ हजारांची साडी आणि खांद्यावरून घसरणारा रेडिमेड ब्लाउज असेल तर साडी आठशेची दिसते. उलटंही होतं, रोज बघते मी. म्हणून तुझ्या अडीच हजारांतला मोठा वाटा ब्लाउजवर घाल.

नारायणपेठेचे काठ राणी आहेत ना? मग राणी रंगाचा खण घे. हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असते, ८० सेंटिमीटरमध्ये भागत नाही, सव्वा मीटर घे. दुकानदार "ऐंशीत होतं ताई" म्हणेल, तो शिवत नाही, मी शिवते. खणाचा काठ बाहीच्या टोकाला आणायचा असेल तर बाही आडवी लावून कापावी लागते आणि तिथेच कापड खातं. बाही कोपरापर्यंत ठेव, काठ नीट दिसतो आणि दंडाला घामाची पट्टी पडत नाही. अस्तर सुतीच हवं, आणि ते आधी पाण्यातून काढून वाळवलेलं. कोरं अस्तर लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं, खण तेवढा आटत नाही, आणि पाठीवर चुण्या पडतात. शिंप्याला विचार, "अस्तर भिजवलंय का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया ठेवायला सांग. आत्ता तू सडपातळ असशील, पण नोकरी बसून करायची आहे. दिवाळीच्या फराळानंतर मायेची किंमत कळते.

आता आईचा जुना ब्लाउज. टाकू नको. उसवून बघ, आत माया असली तरी तो तुला मोठाच आहे, म्हणजे लहान करता येईल. मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात तिथून, कंबरेपर्यंत बाजू आत घेतल्या की झालं. नुसत्या बाजू घेऊन खांदा तसाच ठेवतात काहीजणी, मग खांदा उतरतो. खांदाही घ्यायला सांग.

चिकनच्या कुर्त्याचा डाग हळदीचा आहे. साबण लावशील तर लाल होईल, घाबरू नकोस, हळद साबणाला लाल होतेच. साबणाने धू, खळखळून पाणी काढ आणि उन्हात वाळव. हळदीचा रंग उन्हात विरतो. सावलीत वाळवलास तर राहील. आत्ता पाऊस आहे, पण एखादा दिवस उघडीप मिळेलच, गॅलरीच्या दांडीवर डागाची बाजू वर करून टाक. सोमवारचा पांढरा झाला.

तोच कुर्ता तुझा गुलाबीसुद्धा आहे. सोमवारी २२ ला तो पांढरा घाल. मधला शनिवार-रविवार सुट्टीचा, तेव्हा तो रंगव. सुती आहे म्हणजे रंग धरेल. पॉलिस्टर असता तर सांगितलं नसतं, घरगुती रंग पॉलिस्टरला लागत नाही. रंगाची पुडी दुकानात मिळते. स्वयंपाकात न वापरायचं स्टीलचं पातेलं घे, पाण्यात रंग आणि मीठ घालून उकळी आण, कुर्ता आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून मगच आत सोड. कोरडा सोडलास तर ठिपके पडतात. काठीने सारखा हलवत राहा, फोन घ्यायला जाऊ नकोस. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा पुढे ने. एक गंमत बघ: शिवणीचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, तो पांढराच राहतो. गुलाबी कुर्त्यावर पांढरी बारीक टीप. मुद्दाम केल्यासारखी दिसते. डाग अर्धवट राहिला असेल तर तोही या रंगाखाली जाईल.

मंगळवारी लाल: ऑफ-व्हाइट कुर्ता आणि ती गोट्याची ओढणी. गुरुवारी मोहरी. शुक्रवारी हिरवा, म्हणजे आईची नारायणपेठ, खणाचा ब्लाउज. उरले रॉयल ब्लू आणि मोरपंखी. त्यासाठी एकच ओढणी घे, धूपछाव, निळ्या उभ्या धाग्यावर हिरवा आडवा धागा. बुधवारी ती नेव्हीवर घेतलीस की निळी दिसेल, पुढच्या सोमवारी ऑफ-व्हाइटवर घेतलीस की मोरपंखी. दुकानात ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस, दारात उजेडात जाऊन हलवून बघ. आणि रुमाल ओला करून ओढणीच्या कोपऱ्यावर घास. रुमालाला रंग लागला तर सोडून दे, नाहीतर तुझा ऑफ-व्हाइट जाईल.

हिशेब आमच्या भागातल्या भावाने: खण अडीचशेच्या आसपास, अस्तर धरून शिलाई सहाशे, जुना ब्लाउज लहान करायचे दीडशे, साडीचा फॉल बदलून पिको सव्वाशे, रोल प्रेस सव्वाशे, ओढणी साडेतीनशे, रंगाची पुडी किरकोळ. सोळाशे-सव्वासोळाशे. उरलेल्यात चापाची नथ, ठुशी आणि बसायला-उठायला सोईच्या चपला. चपलांत कंजूषी करू नकोस, फडके रोडला बसायला जागा नसते.

शेवटचं आणि घाईचं. आत्ता पितृपक्ष आहे, २१ ला सर्वपित्री. या दिवसांत लोक नवं कापड शिवायला टाकत नाहीत, म्हणून आम्ही रिकामे असतो. तुझ्या घरी पाळत असतील तर खण नंतर आण, पण जुना ब्लाउज, फॉल, दुरुस्ती ही कामं आत्ताच टाक. घट बसले की दिवाळीचे ब्लाउज येऊन पडतात, आणि दसऱ्यानंतर मी तर नवीन माप घेतच नाही. कोणी घेतलं तर समज, तो दुसऱ्याला शिवायला देणार आहे.

---

सात_अठ्ठावन्न_लेडीज

सुईदोराकाकू, सगळं पटलं, पण शिलाई सहाशे म्हणजे हिच्या बजेटचा चौथा हिस्सा. मी तर साधा काळपट-सोनेरी रेडिमेड ब्लाउज साडेतीनशेला घेतला, ताणणारा आहे, सगळ्या साड्यांवर तोच. गेली दोन नवरात्रं त्यावरच काढली. कोणी खांदा बघत नाही हो, आमच्या डब्यात उभं राहायला जागा मिळाली तरी खूप.

मिरजेची, तुला माझा एक रस्ता सांगते. तीन रूममेट्स ना? तिघींचं कपाट एका चादरीवर उलटं कर आणि रंगाप्रमाणे गठ्ठे लाव. आम्ही डब्यातल्या सहाजणी असंच करतो. ज्या दिवशी जिच्याकडे रंग जास्त, ती दुसरीला देते. एक नियम आहे: घेणारीने धुऊन, इस्त्री करून द्यायचं, आणि रेशमी असेल तर विचारल्याशिवाय धुवायचं नाही. या नियमावरून एकदा अबोला झालाय, म्हणून नियम.

आईच्या साडीला उल्हासनगरला जा, गजानन मार्केट. डोंबिवलीहून जवळ. सकाळी दुकानं उघडता उघडता गेलीस तर दाखवायला कंटाळत नाहीत. पहिल्या दुकानात घेऊ नकोस, तिसऱ्या-चौथ्या दुकानापर्यंत खरा भाव समजतो.

---

कोथरूडकर_त्रस्त

इथे पुरुषांसाठी काही आहे का? आमच्या ऑफिसातही हे लोण आलंय. माझ्याकडे निळे शर्ट आहेत. बुधवार सोडला तर बाकीचे दिवस मी नास्तिक.

मुली, तुला एक मात्र सांगतो. पुण्यात कुणी ओळखीचं असेल तर ठुशी-नथ तुळशीबागेतून मागव. माझी बायको घरातल्या सगळ्यांची तिथून आणते. मला बरोबर नेत नाही, मी भाव न करता पैसे काढतो म्हणून.

---

सुईदोरा

@सात_अठ्ठावन्न_लेडीज, ताणणारा ब्लाउज वाईट नाही, मीच विकते. पण तो घट्ट कापडाचा असतो, मुंबईच्या ऑक्टोबरात काखेत ओला होतो आणि डाग वाळला की पांढरी कड दिसते. आणि हिच्या नारायणपेठेला सोनेरी काय करायचंय, काठ राणी आहेत! अदलाबदल मात्र उत्तम. तुमचा नियम मी माझ्या दारावर लावणार आहे.

@कोथरूडकर_त्रस्त, पांढरा सुती कुर्ता घ्या आणि आठवडाभर वेगवेगळी बंडी घाला. दोघांच्या कापडात तिघांच्या बंड्या निघतात. बायकोला विचारून.

---

मिरजेची_मी | १२ सप्टेंबर

काकू, मोठे उपकार! पैठणी कार्टमधून काढली. कुर्ता काल उन्हात टाकला होता, साबण लावल्यावर खरंच लाल झाला, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी रडलेच असते. आता फिकट पिवळी सावली उरलीय. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिघींचे गठ्ठे लावले. रूममेटकडे गुलाबीच गुलाबी निघाले, पण कुर्ता मी रंगवणारच आहे.

एक अडचण आहे. मामा काल मुंबईला आला होता, त्याच्याबरोबर आईने नारायणपेठ पाठवली. पदर चांगला आहे, पण घडीच्या जागी, गुडघ्याजवळ येईल अशा ठिकाणी, विरल्यासारखी वाटतेय. उजेडात धरली की एका काठापासून दुसऱ्या काठाकडे जाणारी रेघ दिसते. रूममेट म्हणते कापून ओढणी कर. आईला विचारायची हिंमत नाही. काय करू?

---

सुईदोरा

कापू नकोस, एवढ्यात तर नाहीच.

साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की रेशीम त्या रेघेवर विरतं. किती विरलंय ते बघ: रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेव आणि हलकेच बाजूला ओढ. धागे नुसते सैल झाले असतील तर नेसता येईल. "कर्र" आवाज आला तर तिथेच थांब, अजून ओढू नकोस.

सैल असेल तर आतून त्याच रंगाचं मलमल लाव, रेघेपेक्षा दोन बोटं रुंद, आणि बारीक हातशिलाई. मशीनची टीप मारायची नाही, सुईच्या भोकांनी रेघ फाटत जाते. गुडघ्याजवळ म्हणतेस म्हणजे निऱ्यांत येईल. नेसताना सुरुवातीचं टोक एक वीत जास्त आत खोचलंस की सगळं तेवढंच सरकतं आणि रेघ निरीच्या आतल्या घडीत जाते, बाहेरून दिसत नाही. नेसून झाल्यावर चवड्यावर उकिडवं बसू नकोस.

रोल प्रेसला देण्याआधी त्यांना ती रेघ दाखव आणि तोंडाने सांग. न सांगता दिलीस आणि फाटून आली तर ते म्हणणार आधीच फाटकी होती, आणि ते खोटंही नसेल.

आणि दिवाळी झाल्यावर परत ठेवताना घडी बदलून ठेव, जुन्या रेघेवर नको. मापाला येताना साडी बरोबर आण, काठाशी खण जुळवून बघू. रविवारी दुपारी तीननंतर ये, सकाळी गर्दी असते.